हार्ड शोल्डरची लेन केली, मग बंद पडलेल्या गाडीने जायचे कुठे?

सोनचाफा

गेल्या दोन महिन्यांपासून मला नोकरीसाठी आठवड्यातून तीन दिवस इंग्लंडमध्ये लीड्सहून नॉटिंगहॅमकडे एम १ मोटरवेने जावे लागते. एवढ्या प्रवासात कडेचे हार्ड शोल्डर, म्हणजे बंद पडलेली गाडी उभी करण्याची पट्टी, तीनदा नाहीसे होते: वेकफील्डजवळ, शेफील्डजवळ आणि पुढे डर्बीशरमध्ये. जिथे ते नाहीसे होते तिथे त्याचीच चौथी लेन झालेली असते आणि तिच्या डावीकडे पांढरी रेघ, थोडे गवत आणि लोखंडी कठडा एवढेच उरते.

माझे दोन प्रश्न आहेत. कोंडी कमी करण्यासाठी ही अडीअडचणीची पट्टी वाहतुकीला देऊन टाकण्याचा निर्णय मुळात योग्य होता का, हा पहिला. दुसरा अगदी व्यवहारातला आहे. रस्ता मोकळा असेल तर डावीकडच्या लेनमधून चालावे असे हायवे कोड, म्हणजे इथली वाहतुकीच्या नियमांची पुस्तिका, सांगतो. परंतु पुढे एखादी गाडी बंद पडली असेल तर ती बहुधा त्याच लेनमध्ये उभी असणार, ही धास्ती माझ्या मनातून जात नाही, आणि त्यामुळे डावीकडे कोणी नसतानाही मी दुसऱ्या लेनमध्ये सरकते. मी चूक करते असे आमच्या यजमानांचे मत आहे. आपण सगळे काय करता?

मुखदुर्बळ

यजमान बरोबर आहेत. (त्यांना हे सांगू नका.)

रस्तेबांधणी

मी आता निवृत्त आहे, पण उमेदीची बरीच वर्षे रस्त्यांच्या कामात गेली असल्याने पहिल्या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहितो.

आपण ज्याला सरसकट स्मार्ट मोटरवे म्हणतो त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की चर्चा भरकटते. पहिल्या प्रकारात हार्ड शोल्डर जागच्या जागी राहते, फक्त रस्त्यावरच्या आडव्या कमानीवरून (गॅन्ट्रीवरून) वेगमर्यादा कमी-जास्त केली जाते. लंडनभोवतीच्या एम २५ वर १९९५ पासून हे चालू आहे आणि त्याबद्दल फारशी कोणाची तक्रार नाही. दुसऱ्या प्रकारात हार्ड शोल्डर एरवी हार्ड शोल्डरच असते, पण गर्दीच्या वेळी ते वाहतुकीला खुले करतात. तिसऱ्या प्रकारात ते कायमचे जाते आणि सगळ्या लेन चोवीस तास चालू राहतात. सोनचाफा यांच्या वाटेवर हा तिसरा प्रकार आहे.

दुसऱ्या प्रकाराचा पहिला प्रयोग बर्मिंगहॅमच्या आग्नेयेला एम ४२ वर, जंक्शन ३ए ते ७ या टप्प्यात, २००६ च्या सप्टेंबरात सुरू झाला. तो किती सांभाळून केला होता हे आज कोणाच्या लक्षात नाही. पट्टी उघडण्यापूर्वी नियंत्रण कक्षातला माणूस कॅमेऱ्यांवरून ती टोकापासून टोकापर्यंत तपासत असे. त्यावर बंद गाडी नाही ना, ट्रकच्या फुटलेल्या टायरचा तुकडा पडलेला नाही ना, हे पाहिल्याशिवाय पट्टीवरच्या पाटीतला वेगमर्यादेचा आकडा पेटत नसे. पट्टी खुली असताना वेग सुरुवातीला ताशी ५० मैलांवर बांधलेला होता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, साधारण दर ५०० मीटरवर गाडी बाजूला घेण्यासाठी आपत्कालीन थांबा होता.

प्रयोग यशस्वी ठरला. तीन वर्षांच्या पाहणीत इजा होणाऱ्या अपघातांची महिन्याची सरासरी पाचाच्या आसपास होती ती सव्वादोनच्या आसपास आली, आणि प्रवासाला रोज किती वेळ लागेल यातली अनिश्चितताही घटली. नवी जमीन घ्यायची नाही, पूल मोडून पुन्हा बांधायचे नाहीत आणि तरी एक लेन मिळते, हे दिसल्यावर कोणत्याही सरकारला मोह होणारच. पुढच्या टप्प्यांत मात्र या प्रयोगाचे नाव तेवढे राहिले आणि त्यातली सावधगिरी एकेक करून गळत गेली. थांब्यांमधले अंतर ५०० मीटरवरून ८०० मीटर झाले, आणि पट्टी कायमची लेन करण्याच्या आराखड्यात ते दीड मैलापर्यंत, म्हणजे अडीच किलोमीटरपर्यंत ताणले गेले. माझ्या मते निर्णय चुकला तो इथे.

ओलेचिंब

रस्ता स्मार्ट केला की त्यावरून जाणाऱ्यांनी स्मार्ट असण्याची गरज उरत नाही, अशी अनेकांची समजूत झालेली दिसते. काल माझ्यापुढे एक गृहस्थ चार लेनच्या मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या लेनमधून ताशी ५५ मैलांनी जात होते. त्यांनाही डावीकडची भीती वाटत असावी.

आकडेमोड

रस्तेबांधणी यांचा प्रतिसाद आवडला, परंतु एका बाबतीत मतभेद नोंदवतो. हार्ड शोल्डर म्हणजे सुरक्षित जागा, हे गृहीतच मला मान्य नाही. इंग्लंडच्या मोटरवेवरील दर बारा मृत्यूंपैकी एक हार्ड शोल्डरवर होतो, असे महामार्ग खात्याकडूनच सांगितले जात असे. तिथे उभ्या असलेल्या माणसापासून हाताच्या अंतरावरून ट्रक जात असतात आणि मध्ये केवळ रंगाची एक रेघ असते.

सरकारने २०२० च्या मार्चमध्ये जो आढावा जाहीर केला त्यात चित्र दुहेरी आहे आणि ते दोन्ही बाजूंचे लोक अर्धे अर्धे सांगतात. पट्टी कायमची लेन केलेल्या रस्त्यांवर चालत्या वाहनांची एकमेकांशी टक्कर होण्याचा धोका कमी झाला, कारण वेग नियंत्रित असतो आणि वाहने एकसारखी चालतात. त्याच रस्त्यांवर उभ्या वाहनावर चालते वाहन आदळण्याचा धोका मात्र वाढला. बेरीज केली तर रस्ता अधिक सुरक्षित ठरतो, असे खात्याचे म्हणणे होते. ज्याची गाडी बंद पडली आहे त्याला ही बेरीज ऐकवून काही दिलासा मिळणार नाही, हे मलाही कळते, पण बेरीज खोटी आहे असे म्हणता येणार नाही.

आणखी एक. ए १ सारख्या, मध्ये दुभाजक असलेल्या दुहेरी रस्त्यांच्या कितीतरी मैलांवर हार्ड शोल्डर कधीच नव्हते, तिथेही मोटारींना ताशी ७० मैलांचीच मुभा आहे आणि वर कॅमेरे किंवा लेन बंद असल्याची लाल फुली काहीही नाही. त्याबद्दल कोणी धागा काढत नाही.

निशाचर

आकडेमोड, धागा कोणी काढत नाही कारण त्या रस्त्यावर आपल्याकडून काही काढून घेतलेले नसते. होते ते गेले याचे दुःख वेगळे असते.

माझा अनुभव सांगते. मी रुग्णालयात रात्रपाळी करते. मागच्या हिवाळ्यात पहाटे पाचच्या सुमारास पाळी संपवून अशाच बिनशोल्डरच्या टप्प्यावरून येत असताना डावीकडचे मागचे टायर गेले. आधी फडफड ऐकू आली, मग स्टिअरिंग जड झाले आणि मग रिम डांबरावर घासल्याचा जो कर्कश आवाज सुरू झाला तो आजही कानात आहे. मी डाव्या लेनमध्येच होते. धोक्याचे दिवे लावले आणि ताशी वीस-पंचवीस मैलांनी गाडी तशीच रेटत राहिले, कारण थोड्याच वेळापूर्वी केशरी टेलिफोनचे चित्र असलेली निळी पाटी ओलांडली होती आणि तिच्यावर पुढच्या थांब्याचे अंतर होते. आकडा मात्र मी वाचलेला नव्हता. मागून येणारे ट्रक शेवटच्या क्षणी बाजूला होत होते. किती वेळ गेला असेल? घड्याळात कदाचित दोनच मिनिटे. शेवटी थांब्याची केशरी रंगाची जमीन दिव्यांच्या उजेडात दिसली तेव्हा मला रडू आले.

तिथल्या फोनवरच्या बाईंनी शांतपणे विचारपूस केली, डावीकडच्या दाराने उतरून कठड्याच्या पलीकडे उभे राहायला सांगितले, आणि मुख्य म्हणजे निघताना पुन्हा याच फोनवरून कळवा, आम्ही डावी लेन बंद करून देतो, असे सांगितले. हे मला ठाऊकच नव्हते. मदतीची गाडी यायला दोन तास लागले आणि त्या कंपनीने मला मध्ये तीनदा 'पंधरा मिनिटांत पोहोचतो' असे सांगितले. ओल्या खाजकुइलीसारख्या झुडपांत उभी राहून मी एकच विचार करत होते, की गाडी त्या दोन मिनिटांत पूर्णच थांबली असती तर?

चव्वेचाळीस_टन

निशाचर ताई, रिम गेली तरी थांबला नाहीत, हे उत्तम केलेत. टायर आणि रिमचा खर्च भरून निघतो.

मी अकरा वर्षे आर्टिक (जोड-ट्रक) चालवतो, त्यामुळे ज्या 'मागून येणाऱ्या ट्रक'चा उल्लेख झाला त्याच्या बाजूने थोडे लिहितो. आमच्या गाडीचा वेग ताशी ५६ मैलांवर बांधलेला असतो, सर्वांत उजवीकडची लेन आम्हाला बंद असते आणि आमचे आयुष्य डाव्या लेनमध्ये जाते. पुढे दुसरा ट्रक असेल तर मला त्याच्या मागच्या दारांशिवाय समोरचे काहीही दिसत नाही. समजा, त्याच्यापुढे डाव्या लेनमध्ये एक मोटार उभी आहे. पुढचा चालक उंचावर बसलेला असल्याने त्याला ती लांबून दिसते आणि तो सफाईने दुसऱ्या लेनमध्ये निघून जातो. पडदा सरकावा तशी ती मोटार माझ्यासमोर उघडी पडते. त्या क्षणी माझ्यापाशी दोन सेकंदांचे अंतर असेल तर ते दोनच सेकंद आहेत, आणि गाडी चव्वेचाळीस टनांची आहे. म्हणून मी नेहमी चार सेकंद सोडतो. त्या मोकळ्या जागेत लगेच कोणीतरी मोटार घालतो, ही गोष्ट निराळी.

हार्ड शोल्डर असताना त्या मोटारीने निदान सहा-सात फूट डावीकडे जाण्याचा प्रयत्न केला असता. ते पुरेसे सुरक्षित नव्हते, हे आकडेमोड यांचे म्हणणे खरे आहे. पण असुरक्षित जागा आणि जागाच नसणे यांत फरक आहे.

वाटसरू

हा सगळा प्रकार २०२३ मध्ये बंद झाला ना? ऋषी सुनक यांनी स्मार्ट मोटरवे रद्द केल्याची बातमी वाचल्याचे आठवते. मग सोनचाफा यांच्या वाटेवर हार्ड शोल्डर परत का आले नाही?

आकडेमोड

वाटसरू, हा गैरसमज फार पसरलेला आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये रद्द झाले ते *नवे* रस्ते: आधीच थांबवून ठेवलेले ११ आणि पुढे होणार असलेले ३ प्रकल्प. कारणे दोन दिली गेली, वाढलेला खर्च आणि लोकांचा उडालेला विश्वास. जे बांधून झाले होते ते तसेच चालू आहेत. एम ५६ आणि एम ६ वरची दोन कामे तर तीन चतुर्थांशांहून अधिक झाली होती म्हणून पूर्णच करण्यात आली.

त्याआधीचा क्रमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये संसदेच्या परिवहन समितीने, पाच वर्षांची सुरक्षेची आकडेवारी हातात येईपर्यंत नवे काम थांबवा, असे सुचवले. २०२२ च्या जानेवारीत सरकारने ते मान्य केले आणि आहेत त्या रस्त्यांवर दीडशेहून अधिक जादा थांबे बांधण्यासाठी ३९ कोटी पौंड जाहीर केले. थांब्यांमधले अंतर जमेल तिथे पाऊण मैल आणि जास्तीत जास्त एक मैल असावे, असे धोरण आता आहे.

रस्तेबांधणी

हार्ड शोल्डर परत का आणत नाहीत, याचे उत्तर असे, की चौथ्या लेनमधली वाहने जातील कुठे? ती बाजूच्या गावांतल्या ए रस्त्यांवर, म्हणजे मोटरवेखालोखालच्या मुख्य रस्त्यांवर, उतरतील, आणि मैलामागे त्या रस्त्यांवर मोटरवेपेक्षा कितीतरी अधिक माणसे मरतात. दिलेली लेन काढून घेणे हा सुरक्षेचा उपाय वाटतो, पण तो धोका नजरेआड ढकलणे ठरण्याची भीती आहे. एम ४२ सारखे गर्दीपुरते उघडणे हा मधला मार्ग होता, तोही २०२० च्या आढाव्यात निकाली काढण्यात आला.

त्याचे कारण मात्र पटण्यासारखे आहे. तिथल्या खुणांचा अर्थ पाहा. इतर लेनच्या वरची पाटी कोरी असेल तर नेहमीचा वेग, खुशाल जा. हार्ड शोल्डरच्या वरची पाटी कोरी असेल तर इथे येऊ नका. एकाच गॅन्ट्रीवर शेजारी शेजारी असलेल्या दोन कोऱ्या पाट्यांचे अर्थ परस्परविरोधी! बाहेरगावाहून आलेल्या माणसाला सकाळी ती लेन असते आणि दुपारी ती लेन नसते, हे कोण समजावणार? आम्हा अभियंत्यांना ते कागदावर अगदी स्वच्छ दिसत होते, हे मी कबूल करतो.

ओलेचिंब

म्हणजे मौन हे संमतीचे लक्षण, फक्त तीन लेनपुरते.

पाणकोंबडी

एक जरा वेगळा मुद्दा मांडते. आपण सगळे गृहीत धरून चाललो आहोत की ती पट्टी मोटारींना आणि ट्रकना द्यायची किंवा कोणालाच द्यायची नाही. उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टजवळच्या एम १ वर हार्ड शोल्डरचा भाग बसना दिलेला आहे. अमेरिकेत मिनेसोटात तर हे कित्येक वर्षे चालू आहे. तिथला नियम मला फार शहाणपणाचा वाटतो: शोल्डरवरच्या बसने ताशी ३५ मैलांपेक्षा जास्त वेगाने जायचे नाही, आणि शेजारच्या कोंडलेल्या वाहतुकीपेक्षा तिचा वेग १५ मैलांहून अधिक असता कामा नये. प्रशिक्षित चालक, कमी वाहने, कमी वेग. एखादी गाडी बंद पडलेली असेल तर बस सावकाश मूळ लेनमध्ये येते आणि पुढे जाते. पट्टीचा आडवेळचा उपयोग तसाच शिल्लक राहतो.

सर्वांना चौथी लेन दिली की काही काळ बरे वाटते आणि मग तीही भरते, कारण जे लोक कोंडीच्या भीतीने लवकर निघत होते किंवा रेल्वेने जात होते ते परत येतात. तेव्हा पट्टी तर गेलेली असतेच आणि कोंडीही परत आलेली असते.

वाटसरू

पाणकोंबडी, मुद्दा चांगला आहे, पण लीड्स ते नॉटिंगहॅम हा प्रवास रेल्वेने वेळेवर करून दाखवणाऱ्याला मी स्वतः नारळ आणि शाल देईन.

पाणकोंबडी

शाल लागेलच, फलाटावर थंडी असते.

चव्वेचाळीस_टन

नेदरलँड्सला मी वरचेवर माल घेऊन जातो म्हणून सांगतो. तिथे गर्दीच्या वेळी उघडणाऱ्या कडेच्या लेनला 'स्पिट्सस्ट्रोक' म्हणतात आणि ती उघडी असताना वर हिरवा बाण असतो, बंद असताना लाल फुली. कोरी पाटी पाहून अर्थ लावत बसावे लागत नाही. जर्मनीतही काही ठिकाणी शोल्डर असेच तात्पुरते उघडतात आणि तेवढ्यापुरता वेग कमी करतात. रस्तेबांधणी यांनी सांगितलेला पाट्यांचा गोंधळ टाळता आला असता, असे मला वाटते.

लाल फुलीवरून आठवले. फुलीखालून गाडी नेणाऱ्याला इथे १०० पौंड दंड आणि परवान्यावर तीन गुण आहेत, आणि २०१९ च्या जूनपासून कॅमेऱ्यांवरून तो बजावताही येतो. तरीसुद्धा 'पुढे काही दिसत नाही, मग फुली कशाला' असे म्हणत लोक सरळ जातात. पुढे काही दिसत नाही, कारण ते वळणापलीकडे आहे! बंद गाडी ओढून नेणारे रिकव्हरीवाले लेन बंद झाल्याशिवाय कामाला हात लावत नाहीत, ते याच कारणाने. बंद पडलेल्या माणसाचा सगळा जीव त्या एका फुलीवर टांगलेला असतो.

निशाचर

आणि ती फुली पेटायला आधी कोणाच्या तरी नजरेला ती गाडी पडावी लागते. आपली गाडी दिसली असेल का, हे आतल्या माणसाला कळण्याचा काही मार्ग आहे का?

आकडेमोड

थेट मार्ग नाही, म्हणूनच शक्य असेल तर आधी स्वतः फोन करायचा. उभे वाहन ओळखणारी रडार यंत्रणा पट्टी नसलेल्या सगळ्या रस्त्यांवर २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत बसवली गेली. तोपर्यंत कितीतरी मैलांवर कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाच्या नजरेवर किंवा इतर चालकांच्या फोनवरच भिस्त होती. रस्ता आधी उघडला आणि डोळे नंतर बसवले, हा आरोप मी आकडेवाल्यांच्या बाजूचा असूनही नाकारू शकत नाही. यंत्रणा बसल्यावरही ती ठरलेल्या कसोटीला उतरत नसल्याचे त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये रस्ते-रेल्वे नियामकाने म्हटले होते.

शेफील्डजवळ २०१९ च्या जूनमध्ये एम १ वर जे झाले ते बहुतेकांना ठाऊक असेल. किरकोळ धक्का लागला म्हणून दोन चालक डाव्या लेनमध्ये थांबले, उतरले आणि मागून आलेल्या ट्रकखाली दोघेही गेले. मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी ट्रकचालकाच्या निष्काळजीपणाला मुख्य कारण ठरवले. परंतु हार्ड शोल्डर नसल्याने पुढेही असे मृत्यू होण्याचा धोका कायम आहे, असेही त्यांनी २०२१ च्या जानेवारीत नोंदवले. दोन्ही वाक्ये एकत्र वाचावीत अशी माझी विनंती आहे.

सोनचाफा

आकडेमोड, तो टप्पा माझ्या रोजच्या वाटेवरचा आहे. तिथे पोहोचले की हात आपोआप उजवीकडे वळतात, ते यामुळेच.

सर्वांच्या प्रतिसादांतून पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी मिळाले. दुसरा प्रश्न मात्र मुखदुर्बळ यांच्या एका ओळीवरच थांबला आहे.

मुखदुर्बळ

ठीक आहे, दुसरी ओळ लिहितो. डाव्या लेनमध्ये बंद गाडी लागण्याची शक्यता क्वचितची आहे. दुसऱ्या लेनमध्ये रेंगाळणाऱ्या गाडीला डावीकडून आणि उजवीकडून दोन्हीकडून लोक ओलांडतात, हे रोजचे आहे.

चव्वेचाळीस_टन

सोनचाफा ताई, मुखदुर्बळ यांच्याशी मी सहमत आहे, पण तुमच्या भीतीला वेडगळ म्हणणार नाही. मोकळ्या रस्त्यावर डावीकडेच चाला. बंद पडलेली गाडी कोणत्याही लेनमध्ये असू शकते. दुसऱ्या लेनमध्ये इंजिन गेले आणि डावीकडे आम्हा ट्रकांची रांग असेल तर कडेला येता येतेच असे नाही. डाव्या लेनमध्ये असलात तर निदान थांब्यात शिरण्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही. निशाचर ताई दुसऱ्या लेनमध्ये असत्या तर त्या पहाटे त्यांना आधी एक लेन ओलांडावी लागली असती.

भीती लेनची बाळगू नका, समोरच्या अंतराची बाळगा. माझ्यासारख्या ट्रकच्या मागे डाव्या लेनमध्ये चिकटून चालणे मात्र टाळा. एक तर मागे राहून भरपूर अंतर सोडा, नाहीतर वेळेत ओलांडून पुन्हा डावीकडे या.

निशाचर

माझ्याकडून एवढीच भर घालते, की निळी पाटी आली की तिच्यावरचा आकडा मनात म्हणायचा. ताशी ६० मैल म्हणजे मिनिटाला एक मैल. पाऊण मैल लिहिलेले असेल तर ४५ सेकंद, दीड मैल असेल तर दीड मिनिट. डॅशबोर्डवर काही पेटले तर पुढचा थांबा गाठायचा की आहे त्या जंक्शनला उतरायचे, हे ठरवायला तो हिशेब आधीच झालेला बरा असतो.

रस्तेबांधणी

आणि गाडी चालू लेनमध्येच मेली, हलेचना, तर काय करायचे हेही इथे एकदा लिहून ठेवू या, कारण शेजाऱ्यापाजाऱ्यांत याबद्दल चुकीचे सल्ले ऐकले आहेत. धोक्याचे दिवे लावायचे. गाडी कडेला असेल आणि डावीकडच्या दाराने सुखरूप उतरता येत असेल तर उतरून कठड्यापलीकडे जायचे आणि फोन करायचा. ते शक्य नसेल तर पट्टा लावलेला ठेवून आतच बसायचे आणि ताबडतोब ९९९ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन करायचा. मागच्यांना इशारा देणारा लाल त्रिकोण लावायला मोटरवेवर कधीही जायचे नाही. माझ्या एका स्नेह्याने त्रिकोण गाडीत नाही म्हणून स्वतःच मागे उभे राहून हात हलवण्याचा बेत सांगितला होता. मी त्याला जेवायला बोलावून तासभर समजावले.

ओलेचिंब

जेवण काय होते, यावर समजूत पटली की नाही हे अवलंबून आहे.

सोनचाफा

काल संध्याकाळी परत येताना पूर्ण प्रवास डाव्या लेनमधून केला. मागे मुलगी होती, तिला प्रत्येक निळ्या पाटीवरचा आकडा मोठ्याने वाचायला सांगितले. शेफील्डच्या टप्प्यात तिने एक पाटी वाचली, मग बराच वेळ शांतता होती, म्हणून मी विचारले की पुढची अजून आली नाही का. ती म्हणाली, आली होती, पण मधे ट्रक होता.

चव्वेचाळीस_टन, आपण त्या वेळी तिथे नव्हतात ना?

चव्वेचाळीस_टन

काल संध्याकाळी मी डोव्हरला रांगेत उभा होतो. चारही लेन बंद होत्या आणि कोणालाच कुठेही जायचे नव्हते.